हात बसेपर्यंत

पहिला सेट: तीन तास चाळीस मिनिटं.
स्वयंपाकघरातला टायमर, कोंबडीच्या आकाराचा,
चार वेळा ओरडला आणि मग त्यानंही नाद सोडला.
समोर हात माझ्या भावाचा, निबाल्दोचा.
दुसरा कोणाचा मिळणार?
बोटी दुरुस्त करणारा हात, नखांत ग्रीस,
क्यूटिकल म्हणजे जुन्या दोरखंडाची टोकं.
त्याचं लक्ष फुटबॉलवर. गोल झाला की हात उडायचा
आणि माझं पोवळ्या रंगाचं जेल
टेबलावर, बाहीवर, एकदा मांजरावर.

पुन्ता अरेनासमध्ये वारा असा
की चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी बेकरीच्या दारावर कार्ड चिकटवलं:
इवानिया मान्सिया. नखं. घरी.
दुपारपर्यंत ते सामुद्रधुनीत पोचलं असणार.
दुसरं चिकटवलं. तिसरं खिळ्यानं ठोकलं.
फोन आला तो वीज कंपनीचा.

वेळ जातो कुठे, ते वहीत लिहून काढलं.
फाइल करण्यात पन्नास मिनिटं,
तीच कड, डावीकडून बघून, उजवीकडून बघून, श्वास रोखून.
ब्रश पुसण्यात पंधरा.
हवी ती बाटली शोधण्यात अकरा.
'दुखलं का?' विचारण्यात नऊ.
मग बाटल्या उजवीकडे, लागतात त्या क्रमानं.
एक फाइल उचलली की दहाही बोटांवरून फिरवूनच खाली ठेवायची.
एक हात लॅम्पखाली, तोवर दुसऱ्याचं काम.
आई दारात उभी राहून म्हणाली,
हे तर सोपाइपिया तळण्यासारखं,
एक कढईत, एक लाटण्याखाली.
दोन तास पन्नास.
दोन तास तीस.

सोमवारी निबाल्दो उशिरा उठला, तसाच पळाला,
डाव्या हाताची पाच नखं काढायची राहिली.
जेल काही पाण्यानं जात नाही.
गोदीत दिवसभर हसले त्याला.
संध्याकाळी मुकादमाची बायको फोनवर, यास्ना:
"तुझ्या भावानं अख्खं इंजिन उतरवलं म्हणे,
आणि एकही टवका नाही?
आम्ही खेकड्यांच्या कारखान्यात आहोत, आमचं रंगवलेलं
दोन दिवस टिकत नाही. शनिवारी येते.
बहिणीलाही आणते."
आणल्या चौघी.

गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी,
आणि बोटंही त्यांचीच.

यास्नाच्या मागोमाग तिची आत्या, दोन्या नेल्दा.
दर मंगळवारी, फिकट गुलाबी, दुसरा रंग नाही.
कधीकाळी मेंढ्यांच्या एस्तान्सियावर स्वयंपाकीण होती:
चाळीस लोकर कातरणारे, एक चूल,
आणि कोणी एक बासिलियो.
दोन तास दहा मिनिटांत बासिलियो घोड्यावरून यायचा,
जेवायचा, आणि जायचाही.
एक तास चाळीसला
तो अजून जेवायला बसलेलाच असायचा.

परवा एक तास बारा.
टॉपकोट झाला, तेल चोळून झालं,
कोंबडी ओरडायलाही अवकाश होता.
मी मनातल्या मनात नाचत होते
आणि बासिलियो नदीपलीकडे लगाम धरून उभा.
नेल्दानं बोटं उजेडात धरली, पालथी, उताणी.
"सुंदर," म्हणाली. "हात बसला तुझा."
पैसे मोजले. एक नोट जास्त. मी नको म्हटलं.
ती कोट घालेना.

चारला यास्नाची मुलगी यायची होती.
तिच्यामागून बँकेतली एक, पहिल्यांदाच.
वाऱ्यानं छपराचा पत्रा वाजवला.
मी वहीकडे बघितलं, कोंबडीकडे बघितलं,
आणि किटली ठेवली.
"बूट काढा," म्हटलं, "पायांचं राहिलंय.
आणि त्या नदीला पाणी किती होतं?"